बाटलीवरची खूण

२३ नोव्हेंबर, रविवार. अमळनेर

राजदीप व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आला तेव्हा जळगावच्या समुपदेशक मॅडमनी ही वही माझ्या हातात ठेवली. रोज संध्याकाळी चार ओळी लिहायच्या: आज तो कसा होता, जेवला का, चिडला का, हात थरथरले का. सहा महिने झाले, वही कोरीच आहे. धाकट्या भावावर पाळत ठेवून त्याचा अहवाल लिहिणं मला जमलं नाही. छत्तीस वर्षांचा बाप्या आहे तो. दीपनगरच्या वीजकेंद्रात कंत्राटावर बॉयलरचं काम करायचा, ते दारूपायी गेलं. पण सहा महिन्यांत थेंबाला शिवलेला नाही. मग उगाच खपली कशाला काढायची?

वही वाया घालवायची नाही म्हणून आजपासून ही चुलीची वही.

कारण असं की, नाताळच्या सुट्टीत आम्ही दोघं सातपुड्यात पायी सहल नेतोय. कल्पना माझी, पाय त्याचे. कॉलेजात असताना हा पोरांना घेऊन डोंगर पालथे घालायचा. बारा जणांनी नावं दिली आहेत, २५ डिसेंबरला निघायचं. हे काम त्याला लागलं तर तो पुन्हा उभा राहील. मॅडम मला बाजूला घेऊन म्हणाल्या होत्या, "आता सुरू झाली तर यकृत सोसणार नाही, संघमित्राताई." ते वाक्य भाजी चिरतानाही डोक्यात असतं. म्हणून सहल नीट व्हायला हवी, आणि सहल नीट व्हायची तर चूल नीट हवी.

गॅस बाद. त्या चिमुकल्या टाक्या आपल्याकडे मिळत नाहीत, पुण्याहून मागवाव्या तर कुरिअरवाला हात लावत नाही, आणि डोंगरात टाकी संपली की बसा कोरडा शिधा चघळत. पाठीवर न्यायची म्हणजे हलकीही हवी. मी कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत वीस वर्षं सहायक आहे. मोजून पाहिल्याशिवाय मी कशावरही विश्वास ठेवत नाही.

२६ नोव्हेंबर, बुधवार

गच्चीवर चाचण्या. प्रत्येक वेळी अर्धा लिटर पाणी, तेच पातेलं, तेच झाकण. वेळ मोबाइलवर लावली.

रॉकेलचा पंपाचा स्टोव्ह: सहा मिनिटं. पण वजन दीड किलो, शिवाय रॉकेल आणायचं कुठून? रेशनवर मिळायचं बंद होऊन जमाना झाला. बाद.

जळणाच्या पांढऱ्या गोळ्या: राजदीपने ऑनलाइन मागवल्या. साडेनऊ मिनिटं, आणि वास असा की शेजारच्या कुंदाबाईंनी वर येऊन विचारलं, "मित्राताई, मासळी कधीपासून सुरू केली?" बाद.

डबा: ही आईची सूचना. तेलाच्या रिकाम्या डब्याला खिळ्याने भोकं पाडली, आत कपाशीच्या वाळक्या पऱ्हाटीच्या वीतभर काड्या. आठ मिनिटं. पेटते छान, फुकटात होते, पण पातेलं काळंकुट्ट झालं आणि माझे डोळे चुरचुरले. आणि जंगलात लाकूड पेटवायला बंदी आहे. बाद.

आई म्हणाली, "भांडं काळं व्हयनं ते घासी टाक. त्यानावरतीन चूल बाद कशी व्हस?" आईला शास्त्रीय पद्धत समजावणं अवघड आहे.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

सापडली!

थंड पेयाचे दोन डबे कापून एकात एक बसवले, टाचणीने सोळा भोकं. आत स्पिरिट. लॅबमधला दिवाच, फक्त बुटका. वजन चौदा ग्रॅम. पातेल्याखाली सायकलच्या तारांची तिवई. अर्धा लिटर पाणी पाच मिनिटं दहा सेकंदांत उकळलं! धूर नाही, काजळी नाही.

स्पिरिट सध्या रंगाच्या दुकानातलं, सुतार पॉलिशला वापरतात ते. राजदीप आज फार रस घेत होता. इतक्या दिवसांत त्याने पहिल्यांदा स्वतःहून प्रश्न विचारले, मला बरं वाटलं.

"ताई, ह्याला विषारी का म्हणतात?"

"पॉलिशच्या स्पिरिटमध्ये मिथेनॉल मिसळलेलं असतं. पोटात गेलं तर आधी डोळे जातात, मग माणूस."

"मग पोरांचा हात लागला, जेवणात उडालं तर? बिनविषारी मिळत नाही का?"

मला खरंच त्याचं कौतुक वाटलं. बारा जणांची काळजी आत्तापासून. माझ्या डोक्यात हे आलं नव्हतं. उद्या मेडिकलवाल्या रुपचंदभाऊंकडून दवाखान्यातलं स्वच्छ स्पिरिट आणते. महाग पडेल, पडू दे.

१ डिसेंबर, सोमवार

लिटरची पांढरी प्लास्टिकची बाटली, आत दवाखान्यातलं स्पिरिट. वेळ पुन्हा पाच मिनिटं. चूल ठरली म्हणायला हरकत नाही.

एकच खटकतं. चाचणीला जेवढं वापरलं ते वजा करूनही साठ मिलिलिटर कमी भरलं. दोनदा मोजलं. बाष्पीभवन. गच्चीवरच्या खोलीत दुपारी ऊन येतं आणि झाकणाचा आटा ढिला आहे. झाकणाला टेप गुंडाळली, बाटली खाली स्वयंपाकघरात आणली.

आईने भांडण काढलं. "मित्रा, ती बाटली घरमा ठेवू नको. मी तुले सांगी राहिनू. घर पेटी जाई."

मी तिला समजावलं की मी वीस वर्षं याच्या शेजारी उभी आहे, ज्योत जवळ नेल्याशिवाय ते पेटत नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. मग राजदीपकडे बघितलं, आणि पोळ्या लाटायला लागली. वयामुळे ती हल्ली कशालाही घाबरते.

३ डिसेंबर, बुधवार

काल पुन्हा सत्तर मिलिलिटरची घट. वैताग. मग आज डोकं चालवलं: बाटलीवर काळ्या मार्करने पातळीची खूण केली. रोज चाचणी झाली की नवी खूण, शेजारी तारीख. आता कुठे जातं ते कळेल.

राजदीप म्हणाला, "ताई, तू म्हणजे पोलीसच आहेस." हसला. मीही हसले.

५ डिसेंबर, शुक्रवार

खूण केल्यापासून घट शून्य! काल शून्य, आज शून्य. टेपचा उपाय उशिरा का होईना लागू पडला.

मात्र पाणी उकळायला आज सात मिनिटं चाळीस सेकंद. थंडी वाढली आहे, त्याचा परिणाम असेल. ज्योतही निळी राहत नाही, मधे मधे फडफडते. भोकं बुजली असतील म्हणून टाचणीने साफ केली.

६ डिसेंबर, शनिवार

महापरिनिर्वाण दिन. सकाळी विहारात गेलो, तिघंही पांढऱ्या कपड्यांत. पंचशील घेताना राजदीपचा आवाज सगळ्यांत मोठा होता. पाचवं शील, मद्य न घेण्याचं, तो इतक्या जोरात म्हणाला की पुढच्या ओळीतले दोघं वळून बघायला लागले. माझा ऊर भरून आला. आईने मात्र मान खाली घातली होती आणि तिचे डोळे वाहत होते. मला वाटलं, आनंदाने.

संध्याकाळी चाचणी नाही. आज चुलीचा दिवस नव्हता.

८ डिसेंबर, सोमवार

आज उकळायला दहा मिनिटं. दहा! एकदा तर ज्योत विझलीच. मग माझं डोकं फिरलं. बाटली कॉलेजात नेली आणि तरतं घनतामापक टाकलं. साठ टक्के! स्पिरिटच्या मूळ डब्यावर छापलंय नव्वदच्या वर. बाकीचं चक्क पाणी.

तशीच रुपचंदभाऊंच्या दुकानात गेले. चार गिऱ्हाइकांसमोर विचारलं, "भाऊ, स्पिरिटमध्ये पाणी घालून विकता? दवाखान्यातल्या वस्तूत?" ते बिचारे लालबुंद झाले. म्हणाले, "ताई, सील तुम्हीच तोडलं ना? वीस वर्षं ओळखता मला." मी म्हटलं, घनतामापक ओळखी बघत नाही. स्पिरिट त्यांच्या काउंटरवर ओतून ठेवायचं तेवढं बाकी ठेवलं.

येताना रंगाच्या दुकानातून पॉलिशचं एक लिटर घेतलं. रंगवाला विषारी विकतो, पण पाणी तरी घालत नाही. पोरांच्या हाताला लागणार नाही याची काळजी मी घेईन, भरायचं काम माझ्याकडेच ठेवीन. आधीचं मोरीत ओतून दिलं आणि हे त्याच पांढऱ्या बाटलीत भरलं, ती हाताला बसलेली आहे. घरी राजदीप नव्हता, बाजारात गेला होता.

वेळ: पाच मिनिटं पाच सेकंद. जितं मया! हे विषारी, म्हणून शुक्रवारी निघेपर्यंत बाटली माझ्या कपाटात, कुलपात.

१२ डिसेंबर, शुक्रवार. जांभळीपाडा, शिरपूर तालुका

सहलीआधीची रंगीत तालीम. मोटारसायकलवरून दुपारी इथे पोचलो. सातपुड्याच्या पायथ्याला वीस-बावीस घरं. वाट दाखवायला पुन्या आहे, पन्नाशीचा असेल, बोलणं कमी आणि चालणं जास्त. त्याची बायको दगडीबाई. घरात आपसांत त्यांची बोली वेगळी, आमच्याशी मात्र आपल्या खान्देशीत बोलतात. त्यांच्या ओट्यावर मुक्काम.

अंगणात मी चूल पेटवली. पुन्या उकिडवा बसून बघत राहिला. "ताई, हाई चूल शे का खेळनं?"

"चौदा ग्रॅमची आहे, पुन्याभाऊ."

"आम्हनी तीन दगडनी. वजन काहीच नही, ती जंगलमाच राहस." दगडीबाई तोंडाला पदर लावून हसली.

चहा झाला. राजदीप प्रवासाने दमलेला, अबोल. पिशव्या रात्रभर ओट्यावरच राहतील, इथे कोण काय नेणार.

१३ डिसेंबर, शनिवार. तिथेच

आजचं लिहायला लाज वाटते, पण लिहिते.

सकाळी चहासाठी बाटली काढली, तर खुणेच्या खाली दोन बोटं. दीडशे मिलिलिटर तरी. टेप सोडून पुन्हा गुंडाळलेली होती, माझ्यासारखी नाही. बाष्पीभवनाला टेप गुंडाळता येत नाही.

ओट्यावर रात्री आम्ही दोघं आणि आतल्या खोलीत पुन्या. मी सरळ विचारलं. "पुन्या, रात्री बाटलीला हात लावला होता का? खरं सांग. हे विष आहे, दारू नाही." 'भाऊ' म्हणायचं राहून गेलं, ते आत्ता लिहिताना लक्षात आलं.

तो उभा राहिला. आवाज चढवला नाही. "मी नही लिधं, ताई. आम्हले पेनी व्हई ते आम्ही घरनी पेतस. तुम्हनी बाटली कसाले चोरसूत?"

दगडीबाई दारात होती. तिने आमच्यासाठी थापलेली भाकरी परातीतच ठेवली आणि आत गेली.

राजदीप म्हणाला, "जाऊ दे ना ताई, सांडलं असेल." तो मुळात मवाळ आहे. मी बाटली माझ्या पिशवीत टाकली, कुलूप लावलं. पुन्या तरीही वाट दाखवायला आला. दिवसभर पंधरा पावलं पुढे चालला आणि एकदाही मागे वळून बघितलं नाही.

राजदीपचं मात्र चालण्यात लक्ष नव्हतं. आपल्या पाण्याच्या बाटलीतून सारखा घोट घेत होता, मला दिली नाही. संध्याकाळी डोकं ठणकतंय म्हणाला, दोनदा उलटी झाली. ठेचा बाधला असणार. पोटात काही ठरत नाही. लिंबूपाणी दिलं, झोपलाय.

१४ डिसेंबर, रविवार. सकाळी साडेसात

रात्रभर तळमळला. श्वास जोरजोरात चालतोय. आत्ता उठून बसला आणि म्हणाला, "ताई, केवढं धुकं पडलंय. तुझं तोंड दिसत नाही."

आकाश लख्ख आहे. समोरच्या टेकडीवरचं झाड न् झाड दिसतंय. थंडीत डोळ्यांवर चिपडं धरली असतील म्हणून कोमट पाण्याने धुवायला सांगितले. तो म्हणतो, धुकं पांढरं आहे, सगळीकडून, बर्फ पडल्यासारखं.

आधी डोळे जातात. हे मीच

१७ डिसेंबर, बुधवार. धुळे, सरकारी रुग्णालय

तीन दिवसांनी वही उघडली. वरचं वाक्य अर्धवट आहे, तसंच राहू दे.

त्या सकाळी मी त्याची पाण्याची बाटली ओढून घेतली आणि झाकण उघडलं. वास आला. पुन्याही आला होता, त्याने बाटली घेतली, हुंगली आणि माझ्याकडे बघितलं. "हाई दारू नही शे, ताई. हाऊ रंगना वास शे."

राजदीप म्हणाला, "दवाखान्यातलंच आहे ना? तूच आणलंस ना बिनविषारी? काल विष म्हणालीस ते नुसतं दटावायला ना?"

मी त्याला सांगितलंच नव्हतं. तीच पांढरी बाटली, माझ्या काळ्या खुणा, माझ्या तारखा. वीस वर्षं मी पोरांच्या हातावर पट्टी मारल्यासारखी ओरडते, बाटली बदलली की आधी लेबल! आणि मी खूण केली, लेबल नाही लावलं.

मोबाइलला रेंज नव्हती. मी घरामागच्या टेकाडावर चढले, चपलाही न घालता. केंद्रातल्या डॉक्टरांचा नंबर होता. त्यांनी सगळं दोन मिनिटांत ऐकलं. म्हणाले, "रुग्णवाहिकेची वाट बघू नका, मिळेल त्या गाडीने निघा. शिरपूरला मी फोन करतो, पुढे धुळ्याला न्यावं लागेल. आणि एक सांगा, जवळ खरी दारू मिळेल का? घरी गाळलेली, चांगली?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"ताई, यकृत ज्याने दारू पचवतं, त्यानेच हे विष तोडतं, आणि तोडल्यावर ते जास्त घातक होतं. दारू दिली की यकृत तिच्यात गुंतून राहतं. शुद्धीवर आहे ना? सांगतो तेवढी थोडी थोडी पाजा. वेळ मिळेल."

हे मला माहीत होतं. तिसऱ्या वर्षाच्या पोरांना मी स्वतः सांगते. पुस्तकात वाचणं वेगळं.

खाली आले. पुन्या राजदीपला मांडीवर धरून बसला होता. ज्याला मी आदल्या दिवशी चोर ठरवलं होतं त्याच्याकडे मला दारू मागायची होती. मी चौथीत असताना गुरुजींचं पेन हरवलं, तेव्हा सगळ्या वर्गात फक्त माझं दप्तर उपडं केलं होतं. ते आजवर कुणाला सांगितलं नाही. तेव्हाचा तो कुबट वास मला आठवला, शाळेच्या फरशीचा. मी म्हटलं, "पुन्याभाऊ, तुमच्याकडे दारू आहे का घरी?"

तो वळला. आतल्या खोलीकडे बघून त्यांच्या बोलीत दोन शब्द बोलला. दगडीबाई मोहाची बाटली घेऊन आली, सणासाठी ठेवलेली असावी, तोंडाला कापडाचा बोळा. अख्खी बाटली माझ्या हातात देताना म्हणाली, "लई जा बहीन, बठ्ठी लई जा. आज ती औषध शे."

मी पेल्यात ओतली. डॉक्टरांनी सांगितली तेवढी, माझ्या मापाच्या नळीने मोजून. राजदीपच्या ओठांशी नेली. त्याला वास कळला. सहा महिने ज्याच्यासाठी मी घरातलं खोकल्याचं औषधसुद्धा वाचून आणत होते, त्याने तोंड फिरवलं.

"नको ताई. शील घेतलंय."

"घे राजा. डॉक्टरांनी सांगितलंय."

"तुझ्या हातून नको." तो रडायला लागला. "दुसऱ्या कुणाच्याही हातून चालेल. तुझ्या नको."

मग पुन्याने पेला माझ्या हातातून घेतला आणि त्याला पाजला. एका हाताने त्याची मान धरली होती, तान्ह्या पोराला पाजताना धरतात तशी.

मोटारसायकल पुन्याने चालवली. मधे राजदीप, मागे मी, माझ्याच ओढणीने त्याला पुन्याच्या पाठीशी बांधलेला. वाटेत दोनदा थांबून पाजलं. दोन्ही वेळा पुन्यानेच. शिरपूरला सलाईन, तिथून रुग्णवाहिकेने धुळे. संध्याकाळी रक्त धुवायच्या यंत्राला लावलं. डॉक्टर म्हणाले, "सकाळी दारू कुणी दिली? त्याने याला वाचवलं." पुन्या भिंतीला टेकून उभा होता. मी बोट दाखवलं. माझे हात थरथरत होते. मॅडमना हेच लिहून हवं होतं, फक्त हात दुसऱ्याचे.

२२ डिसेंबर, सोमवार. धुळे

जगला. मूत्रपिंडं सावरली. डोळ्यांचं डॉक्टर सांगत नाहीत, 'थांबू या' म्हणतात. उजेड कळतो, दारात कुणी उभं आहे इतपत कळतं, कोण आहे ते आवाजावरून.

बारा जणांना फोन करून सहल रद्द केली. रुपचंदभाऊंनाही फोन केला. माफी मागितली, कशासाठी ते सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "पोरगा कसा आहे?"

आई काल आली. राजदीप झोपल्यावर मी तिला विचारलं, तुला माहीत होतं?

"पहिला दिनपासीन. त्याना तोंडना वास माले कळस, मी माय शे."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगं ते. घर पेटी जाई, सांगं. त्यानी मनी आन घाली व्हती, ताईले सांगू नको म्हने. मी तरी सांगं. तू ते ऐकच नही, तुले ते आगच समजनी."

मी तिच्यावर चिडणार होते. जमलं नाही. तिला शास्त्रीय पद्धत समजावणारी मी.

४ जानेवारी, रविवार. अमळनेर

घरी येऊन आठवडा झाला. डाव्या डोळ्याला थोडं जास्त दिसतं. मोठी अक्षरं, जवळून.

सकाळी दारात मोटारसायकलचा आवाज झाला. आमचीच होती, शिरपूरहून पुन्याच ती पाड्यावर घेऊन गेला होता. पुन्या चालवत, मागे दगडीबाई. रात्री शिरपूरला नातलगांकडे थांबून आले. मी उंबऱ्याच्या बाहेर गेले, हात जोडले, आणि तिथेच, कुंदाबाई बघत असताना, म्हटलं, "पुन्याभाऊ, मी तुम्हाला चोर म्हटलं. मी चुकले." तो इकडेतिकडे बघायला लागला. "व्हयनं ते व्हयनं, ताई. आते च्या पाज." दगडीबाई मात्र माझ्याकडे रोखून बघत होती. मग म्हणाली, "त्या दिननी भाकर कोनी नही खादी. कुत्राले टाकी." तेवढंच. तिने माफ केलं नाही, पण बसली आणि चहा घेतला. मला ते जास्त बरं वाटलं.

चहा राजदीपने केला. डब्याच्या चुलीवर, गच्चीत. पऱ्हाटीच्या काड्या बोटांनी चाचपून मोडल्या, आडव्या-उभ्या रचल्या, काडी ओढली. आम्ही चौघं बघत होतो. उकळी डोळ्यांनी नाही, कानांनी ओळखली. पुन्याने डबा हातात घेऊन भोकं मोजली. म्हणाला, आमच्याकडच्या पाड्यांवर अंगणात मुक्काम करा, जंगलात पेटवायची गरजच नाही, काड्या तर बठ्ठाकडे शेतस. म्हणजे सहल होऊ शकते. नेणारा पुन्या, चूल सांभाळणारा राजदीप. कधी, ते ठरवलं नाही. चूल ठरली: डबा, दोनशे दहा ग्रॅम, आठ मिनिटं, भांडं काळं होतं.

पाहुणे गेल्यावर राजदीप म्हणाला, "ताई, ती वही वाच मला."

वाचली. सगळी. पुन्याचं वाचतानाही थांबले नाही. तो डोळे मिटून ऐकत होता.

"एक तारखेला काय लिहिलंस?"

"साठ."

"बरोबर. तीन तारखेला खूण केलीस. त्याच्यापुढे?"

"घट शून्य. चारला शून्य, पाचला शून्य."

"ऐंशी," तो म्हणाला. "रोज ऐंशी, ताई. तेवढंच पाणी घालून खुणेला आणायचो. तुझी खूण फार बारीक होती, हात थरथरायचा म्हणून चमच्याने घालायचो."

मी लाल पेन आणलं. तो सांगत गेला, मी शून्यं खोडत गेले. चार तारीख, ऐंशी. पाच, ऐंशी. सहा, विहारातून आल्यावर, शंभर. मी थांबले, त्याने पुन्हा सांगितलं, मी लिहिलं.

"आता पुढे काय लिहिणार?" त्याने विचारलं. "चूल तर ठरली."

मॅडमनी सांगितलेल्या चार ओळी. आता रोज, त्याच्यासमोर, मोठ्याने वाचून:

राजदीप आज. दोन भाकरी जेवला. चिडला नाही, रडला एकदा. चहा केला तेव्हा मी हातांकडे बघत होते, दोनदा थरथरले.